‘दिवाळी ऑनलाइनच बरी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दसरा झाला की तो मेसेज फिरायला लागतो. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका दिवसात तीन जणांनी टाकला आणि तिन्ही वेळा खाली अंगठ्यांची रांग लागली. मजकूर थोडक्यात असा: “स्थानिक दुकानातून घ्या, कचरा टाळा, हे सगळं भावनिक बोलणं आहे. ऑनलाइन स्वस्त पडतं. एका गाडीत शंभर घरांचा माल येतो, म्हणजे प्रदूषणही कमी. खोकी पुठ्ठ्याची असतात, ती रिसायकल होतात. प्लास्टिकची तोरणं दरवर्षी वापरता येतात, खरी फुलं दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. कोपऱ्यावरचा दुकानदार तरी काय, चायना मालच विकतो. आणि चार दिवसांच्या सणाने काही बिघडत नाही.”

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण यातली बहुतेक वाक्यं तपासायला घेतली की टिकत नाहीत, आणि ती ज्यांच्या पोटावर येतात ती माणसं आपल्या ग्रुपवर नाहीत. म्हणून हे उत्तर.

“ऑनलाइन स्वस्त पडतं.” मोबाइल, मिक्सर पडत असेल, तिथे माझा वाद नाही. पण दिवाळीची यादी काढून बघा: पणत्या, वाती, रांगोळी, उटणं, लाह्या-बत्तासे, केरसुणी, झेंडू, पोहे, रवा, भाजणी. यातलं किती घरपोच मागवून खरंच स्वस्त पडतं? मातीची पणती वाटेत फुटू नये म्हणून तिला जे गुंडाळावं लागतं, त्याचे पैसे आपणच भरतो. शिवाय डिलिव्हरी फुकट मिळावी म्हणून बिल ठरावीक रकमेपर्यंत न्यायचं आणि त्यासाठी नको असलेली दोन पाकिटं वाढवायची. हा हिशोब त्या मेसेजमध्ये नाही. वाण्याकडे पाव किलो रवा मागितला तर पाव किलोच मिळतो, आणि डबा नेला तर डब्यात मिळतो.

“एका गाडीत शंभर घरांचा माल.” हे अर्धं खरं आहे. शंभर जण आपापली कार काढून मॉलला जाणार असतील, तर एक गाडी फिरलेली केव्हाही चांगली. पण आपल्यातले किती जण रांगोळी आणायला कार काढतात? चौक चालत पाच मिनिटांवर आहे. आणि हल्ली दहा मिनिटांत सामान घेऊन येणारा मुलगा शंभर घरांचं आणत नाही. एका घराची एक पिशवी घेऊन तो दुचाकीवर येतो, आणि तासाभराने राहिलेली वेलची घेऊन त्याच घरी पुन्हा येतो.

आता खोक्यांबद्दल. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गेल्या वर्षी भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या पंपाजवळ आमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताई जमिनीवर बसल्या होत्या. समोर कमरेएवढा खोक्यांचा ढीग. प्रत्येक खोक्याची चिकटपट्टी त्या जुन्या ब्लेडने सोडवत होत्या. आतून बबलचा कागद निघत होता, थर्माकोलचे कोपरे, हवा भरलेल्या पिशव्या. एका खोक्यात कुणीतरी उरलेली बासुंदी ओतून दिली होती. पुठ्ठा खालपर्यंत भिजला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. ताई म्हणाल्या, “कोरडा असता तर विकला असता. आता हा भंगारवाला हातात पण धरणार नाही.”

पुठ्ठा रिसायकल होतो, हे खरं. पण तो आपोआप होत नाही. कोणीतरी तो हाताने वेगळा काढतं, बांधतं, वाहून नेतं, आणि तो कोरडा, स्वच्छ असेल तरच त्याला भाव येतो. पुण्यात हे काम करणाऱ्या तीन हजारांहून जास्त कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे आणि त्यातल्या बहुतेक बायका आहेत. घराघरातून मिळणारं मासिक शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे, यावर त्यांचं घर चालतं. आपण बासुंदी ओतलेला पुठ्ठा हा त्यांच्या मजुरीतून कापलेला पैसा आहे. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा करून देणं हे २०१६च्या घनकचरा नियमांपासून आपलंच काम ठरलेलं आहे. आणि फरसाणाच्या चकचकीत पिशव्या? त्यात प्लास्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून भंगारात त्यांना कोणी विचारत नाही.

“प्लास्टिकची तोरणं दरवर्षी वापरता येतात.” आमच्याच मजल्यावर बघा. दारावरचा प्लास्टिकचा झेंडू एका उन्हाळ्यात पांढुरका पडतो, पाकळ्या कडक होऊन तुटायला लागतात, आणि पुढच्या दसऱ्याला नवं तोरण येतं. तार, प्लास्टिक, जरी, गोंद असं सगळं एकत्र असल्यामुळे त्यातलं काहीच वेगळं काढता येत नाही. खरा झेंडू दोन दिवसांत सुकतो, हे बरोबर. पण तो ओला कचरा आहे. सुती दोऱ्यात ओवला असेल तर दोरा सोडवून सरळ कुंडीत जिरवता येतो. निर्माल्य म्हणून नदीत सोडायचा मात्र नाही, मुळा-मुठेने आधीच पुष्कळ सोसलं आहे.

आणि त्या फुलामागे शेतकरी आहे. दसरा-दिवाळीला फुलं हाती यावीत म्हणून तो भर पावसाळ्यात रोपं लावतो, मधल्या पावसात कूज सांभाळतो आणि पहाटे क्रेट भरून मार्केट यार्डात उभा राहतो. त्याचा वर्षाचा हिशोब या दोन-चार दिवसांवर असतो. भाव पडला तर तोडणीचा आणि गाडीचा खर्चही निघत नाही. न विकलेला झेंडू रस्त्याच्या कडेला ओतून रिकाम्या हाताने परत गेलेले शेतकरी आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिले आहेत. दाराला प्लास्टिक बांधणारं प्रत्येक घर त्याच्या गिऱ्हाइकांतून एक घर कमी करतं.

“दुकानदार तरी चायना मालच विकतो.” या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. दुकान जवळचं म्हणून त्यातली वस्तू जवळची होत नाही. प्लास्टिकचे दिवे तुळशीबागेतही मिळतात आणि चौकातही. पण म्हणून सगळं सारखंच, असं होत नाही. आपण दुकान बघतो तसे वस्तू घडवणारे हातही बघायचे. कसब्यातल्या कुंभारवाड्यात गेलात तर बाहेरून आलेल्या साच्याच्या पणत्याही असतात. चाकावरची हवी असेल तर पणती उलटी करून पाहायची. ओली असताना दोऱ्याने कापून चाकावरून उतरवल्याच्या बारीक वळणदार रेषा तळाला दिसतात. घरी आणल्यावर ती रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची, म्हणजे तेल पीत नाही. कामट्यांचा आकाशकंदील, बचतगटाच्या बायकांची चकली, शिंदीच्या पानांची केरसुणी, हे सगळं विचारलं की मिळतं. आपण विचारलंच नाही, तर पुढच्या वर्षी दुकानदार ते ठेवणार नाही.

राहता राहिलं, “चार दिवसांनी काय बिघडतं?” पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीत जाऊन पडला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं आणि गाड्या अडवायला लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं. त्या ढिगात सणाचे चार दिवस आणि एरवीचे दिवस वेगळे काढता येत नाहीत. कायद्यानेही सणाला सूट दिलेली नाही. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर राज्यात २०१८पासून बंदी आहे. सजावटीचा थर्माकोल आणि मिठाईच्या बॉक्सवर गुंडाळतात ती पातळ प्लास्टिकची फिल्म, या दोन्हींवर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे. मिठाईवाल्याने फिल्म लावलेला बॉक्स पुढे केला तर “ही काढून द्या” एवढं म्हणायचं. मी गेल्या वर्षी म्हटलं, त्याने मुकाट्याने दुसरा बॉक्स दिला.

ऑनलाइन काहीच मागवू नका, असं मी म्हणत नाही. जे येईल त्याची खोकी चिकटपट्टी काढून, चपटी करून, कोरडी ठेवा. पंपाजवळच्या शेडमध्ये त्यासाठी जागा करायला सेक्रेटरी काकांनी होकार दिला आहे.

मी या रविवारी कुंभारवाड्यात चालले आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी नऊला गेटपाशी या. कापडी पिशवी घ्या, आणि पणत्या गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं.