‘गुन्हेगार पोरांचे लाड थांबवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. माझ्याकडे तो चार जणांकडून आला आणि चौघंही भली माणसं आहेत, म्हणून दुर्लक्ष न करता उत्तर लिहितेय. मजकुराचा गाभा असा: गुन्हे करणाऱ्या अल्पवयीन पोरांसाठी सुधारगृहांत शाळा, खेळ, समुपदेशक, टीव्ही असल्या सोयी वाढवायच्या चालल्या आहेत. प्रामाणिक गरीब मुलाला बाहेर यातलं काही मिळत नाही. सोयी वाढल्या की धाक जातो. चार दिवस खरा तुरुंग दाखवा, सरळ होतील. पीडितांचा विचार कोणी करत नाही, आणि एकदा बिघडलेलं पोर सुधारत नाही, तेव्हा हा खर्च पाण्यात.

मी दोन वर्षं दर शनिवारी अशाच एका बंदिस्त गृहात मुलांना वाचायला-लिहायला शिकवायला जात होते. खाली काही गोष्टी तिथे पाहिलेल्या आहेत, बाकीच्या नोंदलेल्या आणि तपासता येण्याजोग्या आहेत.

‘आत असतात ते सगळे गुन्हेगार’

नाही. आत असलेल्यांपैकी अनेकांवर आरोप आहे, निकाल लागलेला नाही. संयुक्त राष्ट्रांसाठी 2019 साली झालेल्या पाहणीचा अंदाज असा की जगभरात दरवर्षी किमान 4 लाख 10 हजार मुलं कच्च्या कैदेत आणि तुरुंगांत असतात. ‘गुन्हेगार’ हा शब्द त्या सगळ्यांना एका झटक्यात दोषी ठरवतो.

2010 साली न्यूयॉर्कमध्ये पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून 16 वर्षांच्या एका मुलाला पकडलं. जामिनाचे 3000 डॉलर घरच्यांना भरता आले नाहीत. तिथे तेव्हा 16 वर्षांच्या मुलाला प्रौढ धरत असत, म्हणून तो रायकर्स बेटावरच्या तुरुंगात गेला. सुमारे तीन वर्षं तो आत होता, त्यातली जवळपास दोन एकांतकोठडीत. खटला उभा राहिलाच नाही. 2013 मध्ये आरोप मागे घेतले आणि त्याला सोडलं. 2015 मध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी, त्याने स्वतःच्या घरी जीव दिला. ‘खरा तुरुंग दाखवा’ म्हणतात तो हाच.

‘प्रामाणिक गरीब मुलाला बाहेर हे मिळत नाही’

ही ओळ सगळ्यांत जास्त पटते, म्हणून इथे जरा थांबते. बाहेरच्या गरीब मुलाला चांगली शाळा मिळत नाही हे खरं आहे आणि त्याचा राग यायलाच हवा. पण त्या रागावर उपाय म्हणून दुसऱ्या मुलाची शाळा बंद करायची, हे कुठलं गणित?

माझ्या वर्गात पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा होता. एका शनिवारी तो गाल हातात धरून बसला होता, दाढ ठणकत होती. पुढच्या शनिवारी गाल सुजलेला. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येत, आणि ते आले त्या दिवशी नेमकी याची कोर्टाची तारीख होती. बाहेरच्या दवाखान्यात न्यायचं तर सोबत दोन कर्मचारी लागतात, आणि त्या आठवड्यात माणसं मोकळी नव्हती. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री त्याने दारावर लाथा घातल्या. नोंदवहीत ‘बेशिस्त वर्तन’ असं लिहिलं गेलं आणि आठ दिवस त्याला मैदानावर सोडलं नाही. त्या नोंदीत दाढेचा उल्लेख नव्हता. मी ती नोंद स्वतः वाचली आहे.

बाहेरच्या गरीब मुलाची दाढ दुखली असती तर त्याच्या आईने शेजारणीकडून उसने पैसे घेऊन दवाखाना गाठला असता. कदाचित उशिरा, पण गाठला असता. आतल्या मुलाला आईही नाही, शेजारीणही नाही. तो स्वतः चालत कुठे जाऊ शकत नाही, कारण आपण त्याला कुलूप लावलंय. ज्याच्या कमरेला किल्ली, त्याच्यावरच त्या दाढेची जबाबदारी. कोर्टाने मुलाचं स्वातंत्र्य काढून घेतलं, तेवढीच ती शिक्षा. दाढदुखी, खरूज, वर्षभर बुडालेली शाळा, आईची न झालेली भेट हे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेलं नसतं.

टीव्हीबद्दलही एक सांगते. मेसेजमध्ये त्याचा फार बोलबाला आहे. मी गेले त्या गृहात टीव्ही होता आणि तो दिवसभर चालू असे. मुलांची हौस म्हणून नव्हे. तीस मुलांमागे एकच काळजीवाहक असला की पोरं शांत बसवायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग तोच. शिक्षक आला की पोरंच उठून टीव्ही बंद करत. सोयी सुधारा म्हणणारे लोक टीव्ही मागत नाहीत, माणसं मागतात.

‘हे लाड आहेत’

मग काय मागितलं जातंय ते पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1990 मध्ये स्वातंत्र्य हिरावलेल्या मुलांसाठी नियम मंजूर केले. त्यांना हवाना नियम म्हणतात. त्यात आहे ते असं: शाळेच्या वयाच्या मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण, हवा बरी असेल तर रोज उघड्यावर व्यायाम, घरच्यांची भेट शक्यतो आठवड्याला एकदा आणि काही झालं तरी महिन्यातून एकदा, आठवड्यातून दोनदा पत्र किंवा फोन. शिक्षा म्हणून मारायचं नाही, अंधाऱ्या किंवा एकांत कोठडीत डांबायचं नाही, अन्न कमी करायचं नाही, घरच्यांची भेट तोडायची नाही. यातली कोणती गोष्ट लाड आहे ते मेसेज लिहिणाऱ्याने बोट ठेवून दाखवावं.

हे साधे नियमही पाळले जात नाहीत, ही खरी तक्रार आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या तुरुंगांच्या मुख्य निरीक्षकांनी 2017 च्या वार्षिक अहवालात लिहिलं की मुलांना ठेवणाऱ्या ज्या संस्था तपासल्या, त्यांतली एकही मुलांसाठी सुरक्षित म्हणता येत नव्हती. एकही नाही. हे श्रीमंत देशातलं सरकारी निरीक्षण आहे. ऑस्ट्रेलियात 2016 मध्ये एका किशोराला डोक्यावर टोपडं घालून खुर्चीला जखडलेलं टीव्हीवर दिसलं तेव्हा रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, नेमावं लागलं, आणि त्याने पुढच्या वर्षी डार्विनजवळचं डॉन डेल हे मुलांचं बंदिस्त केंद्र बंद करायला सांगितलं. मुलींची अवस्था तर आणखी दुर्लक्षित, कारण त्यांची संख्या कमी आणि बहुतेक जागा मुलगे डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या.

‘धाक बसला की सरळ होतात’

हा प्रयोग करून झाला आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रॉवे तुरुंगात किशोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांसमोर उभं करायचे. कैदी अंगावर ओरडायचे, आत काय काय होतं ते शिव्यांसकट सांगायचे. ‘स्केअर्ड स्ट्रेट’ (घाबरवून सरळ करणं) या नावाने ही कल्पना इतर राज्यांत आणि देशांत पसरली. पुढे अशा नऊ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची दोन गटांत वाटणी, एका गटाला तुरुंग दाखवलेला, दुसऱ्याला नाही. मिळून जवळपास हजार मुलं. तुरुंग पाहून आलेल्यांनी नंतर जास्त गुन्हे केले. ज्यांना काहीच दाखवलं नाही ती मुलं त्यांच्यापेक्षा बरी निघाली.

दुसरा पुरावा शिकागोचा. तिथे एखाद्या मुलाचं प्रकरण कोणत्या न्यायाधीशापुढे जाईल हे जवळपास योगायोगाने ठरायचं. काही न्यायाधीश कडक, काही सौम्य. म्हणजे सारख्याच गुन्ह्यातली दोन सारखी मुलं, एक आत जातो, एक घरी राहतो. दोन अर्थतज्ज्ञांनी अशा 35 हजारांहून अधिक मुलांची पुढची वर्षं तपासली आणि 2015 मध्ये निष्कर्ष छापले. आत गेल्यामुळे शालेय शिक्षण पुरं करण्याची शक्यता सुमारे 13 टक्क्यांच्या अंतराने घटली, आणि मोठेपणी तुरुंगात जाण्याची शक्यता सुमारे 23 टक्क्यांच्या अंतराने वाढली.

याचं कारण मला वर्गात दिसायचं. पंधराव्या वर्षी मुलगा पुढच्या दहा वर्षांचा हिशेब करत नाही. शेजारी बसलेला आपल्याला भित्रा म्हणेल का, एवढाच हिशेब करतो. त्याला शंभर घाबरवणारी माणसं दाखवा, तो त्यांच्यासारखं चालायला शिकेल.

‘पीडितांचं काय?’

हा प्रश्न योग्य आहे आणि सोयींची बाजू घेणारे लोक त्याला बऱ्याचदा बगल देतात. ज्याच्यावर वार झाला, जिचं घर फोडलं, त्यांना मदत, भरपाई, खटल्याची वेळेवर माहिती मिळायलाच हवी. पण सुधारगृहातला शिक्षक काढून टाकला म्हणून ते पैसे त्यांच्या हातात पडत नाहीत. आणि तो मुलगा सुटणार आहे. आज ना उद्या, पण जवळजवळ प्रत्येक जण सुटतो. तो कुणाच्या तरी गल्लीत राहायला येणार आहे. पुढचा पीडित होऊ नये याची काळजी करणं हेही पीडितांच्याच बाजूचं काम आहे.

आणखी एक. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी निबंधात जे लिहिलं, त्यात ती आधी मार खाणारी होती. त्याने त्यांचा गुन्हा पुसला जात नाही. पण मेसेजमध्ये पीडित एका बाजूला आणि ही मुलं दुसऱ्या बाजूला अशी जी सरळ रेघ मारलीय, तशी रेघ मला तिथे कधी दिसली नाही.

‘बिघडलेलं पोर सुधारत नाही, खर्च पाण्यात’

गंभीर गुन्हे केलेल्या 1354 अमेरिकन किशोरांचा संशोधकांनी सात वर्षं माग ठेवला. फिलाडेल्फिया आणि फीनिक्स इथली ही मुलं. बहुतेकांचे गुन्हे वयाबरोबर कमी होत गेले. सतत मोठ्या प्रमाणात गुन्हे करत राहिले ते दहातला एकही नव्हे. आणि जास्त महिने आत ठेवल्याने फरक पडला असं दिसलं नाही.

त्याहून बोलकं उदाहरण अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यातल्या मेंडोटाचं. 1995 मध्ये तिथे एक केंद्र सुरू झालं. इतर सुधारगृहांनी ज्यांच्यापुढे हात टेकले, ज्यांनी कर्मचाऱ्यांवर हल्ले केले, ती मुलं इथे पाठवत. कुलूप इथेही होतं, पण पद्धत उलटी: मुलगा जितका बिथरेल तितकं त्याच्याशी बोलणं, त्याच्यावरचे उपचार वाढवायचे. कोंडून ठेवायचं शेवटी, आणि थोडाच वेळ. पुढची काही वर्षं तुलना केली तेव्हा नेहमीच्या सुधारगृहांत राहिलेल्या तशाच मुलांच्या गटाने 16 माणसं मारली होती. मेंडोटात उपचार घेतलेल्या गटाने एकही नाही. ही वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, म्हणून सगळं श्रेय केंद्राला देणार नाही. तरी संशोधकांच्या हिशेबात तिथल्या प्रत्येक जादा डॉलरमागे सातहून अधिक डॉलर वाचले, मुख्यतः न झालेल्या गुन्ह्यांमुळे. मिसुरी राज्याने 1983 मध्ये शेकडो मुलांचं जुनं मोठं केंद्र बंद केलं आणि घराजवळच्या लहान जागांत दहा-बारा मुलांचे गट करून त्यांना ठेवलं. अनेक राज्यांचे अधिकारी पुढे ती रचना बघायला जात राहिले.

दाढवाल्या मुलाचं राहिलं. दाढ शेवटी काढली. सात महिन्यांनी तो लिहायची-वाचायची परीक्षा पास झाला. प्रमाणपत्र हातात दिलं तेव्हा त्याने आधी स्वतःचं नाव वाचलं नाही. कागद उलटासुलटा करून, शिक्का उजेडात धरून विचारलं, “ताई, याच्यावर इथलं नाव कुठे छापलं नाही ना?” हवाना नियमांत हेही आहे: आत मिळालेल्या प्रमाणपत्रावर मुलगा बंदिस्त होता याची कोणतीही खूण असता कामा नये. छापलेलं नव्हतं. मग त्याने तो कागद न दुमडता वहीत ठेवला, आणि वही शर्टाच्या आत घातली.