बाविसावी की तेविसावी?

नवऱ्याने 1949 सालची पॅकार्ड, म्हणजे एक जुनी अमेरिकन मोटार, घेतली आणि तेव्हापासून आम्हाला रस्त्यात कुठे दोन मिनिटं थांबायची सोय राहिलेली नाही. पेट्रोल भरायला थांबा, कोथिंबिरीची जुडी घ्यायला थांबा, बॉनेटपाशी एक वयस्कर गृहस्थ उगवतोच. आधी गाडीकडे बघतो, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा गाडीकडे, आणि विचारतो, "कुठलं साल?"

प्रश्न साधा दिसतो. पण नवऱ्याने "एकोणपन्नास" म्हणायचा अवकाश, पुढचा तयारच असतो. "ते दिसतंय हो. पण बाविसावी की तेविसावी?"

झालं असं की पॅकार्ड कंपनी गाड्या सालाने मोजत नसे, मालिकेने मोजायची. 1949 च्या मे महिन्यात बाविसावी मालिका संपली आणि तेविसावी सुरू झाली, त्यामुळे एकाच सालात दोन जातीच्या गाड्या निघाल्या. तेविसावीची मागची काच मोठी आणि कुशीवरून क्रोमची एक पट्टी गेलेली. आमची बाविसावी आहे. हे विचारणाऱ्याला लांबूनच कळलेलं असतं. आपल्याला कळलंय का, एवढंच त्याला बघायचं असतं.

त्यातून आम्ही राहतो डेट्रॉइटच्या उपनगरात. पॅकार्ड 1903 मध्ये ओहायोतून या गावात आली आणि ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर तिचा कारखाना उभा राहिला. इथे दर दोन माणसांमागे एकाचे वडील, आजोबा नाहीतर मावसआजोबा तिथे कामाला होते. कारखान्याचे अवशेषसुद्धा अलीकडेच पाडून टाकले, पण ज्ञान शाबूत आहे. कंपनीच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं एक ओळ असायची: ज्याच्याकडे आहे त्यालाच विचारा. 1958 नंतर एकही पॅकार्ड बनली नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याला आता कोणी काही विचारतही नाही. त्याला सांगतात. मी शेजारच्या सीटवर बसलेली, त्यामुळे मला नुसतीच सहानुभूती मिळते.

सांगतात ते सगळं खरं असतं, हीच पंचाईत. या बॅचच्या गाड्यांना तेव्हाच लोकांनी 'गरोदर हत्तीण' असं नाव ठेवलं होतं, हे मला एका पेट्रोल पंपावर कळलं. सांगणाऱ्याने दोन्ही हातांनी हत्तिणीचं पोट काढूनही दाखवलं. बॉनेटवरच्या पक्ष्यावर तर दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो तो पेलिकन, कारण पॅकार्ड घराण्याच्या मानचिन्हातच पेलिकन आहे. दुसरा म्हणतो कॉर्मोरंट, कंपनीने स्वतः तसं छापलंय. कॉर्मोरंट म्हणजे आपला पाणकावळा. एवढी मोलाची गाडी, तिच्या नाकावर कावळा कोण कशाला बसवेल, असं मला वाटतं, पण या वादात माझ्या मताला किंमत नाही.

गाड्यांच्या मेळाव्यात गेलं की आणखी एक गंमत. इथे सोवळंओवळं फार कडक. 'फुल क्लासिक' हा शब्द कोणालाही लावून चालत नाही. अमेरिकेच्या क्लासिक कार क्लबच्या लेखी 1915 ते 1948 मधल्याच गाड्या, आणि त्यातल्याही निवडक. आमची '49 ची, म्हणजे एका सालाने पंगतीबाहेर. 1930 ची सोळा सिलिंडरची कॅडिलॅक बाळगणारे आमच्याकडे प्रेमाने बघतात, पण खुर्ची सरकवत नाहीत. त्यांच्यापलीकडे 1959 ची कॅडिलॅक, पावणेएकोणीस फूट लांब, मागे ते प्रसिद्ध पंख. सगळी पोरंबाळं तिच्यासमोर फोटो काढत असतात आणि सोळा सिलिंडरवाले एकमेकांत म्हणतात, "चांगली आहे, पण नवी आहे."

अशाच एका मेळाव्यात एकाने नवऱ्याला विचारलं, "तुमच्याकडे भारतात अशा गाड्या कुठून असणार?" नवरा या प्रश्नाची वाटच बघत होता. छाती पुढे काढून म्हणाला, "इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी ड्यूझेनबर्ग मागवली होती." तो माणूस शांतपणे म्हणाला, "एसजे. सुपरचार्जरवाली. बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. केशरी आणि काळी, स्टिअरिंग उजवीकडे." होळकरांच्या बाबतीतही आम्ही श्रोतेच ठरलो.

तेलाचा विषय निघाला की मी डबा उघडते. जेवून होतं, विषय संपत नाही. एक म्हणतो, या जुन्या इंजिनांना जस्त असलेलंच तेल हवं. जस्त-फॉस्फरसची ती रसायनं नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धूर स्वच्छ करणाऱ्या भांड्याची) वाट लावतात म्हणून आजच्या तेलात कमी केली, आणि व्हॉल्व्ह हलवणारा आपला कॅमशाफ्ट झिजायची संक्रांत आली. दुसरा म्हणतो, हे जस्ताचं प्रकरण आलंच मुळी चाळीसच्या दशकात. त्याआधीच्या गाड्या काय तुपावर चालायच्या? तिसरा दोघांकडे करुणेने बघतो आणि म्हणतो, पण या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच इतक्या नरम आहेत की काहीही घाला. मग तिघेही वळून नवऱ्याला विचारतात, तू काय घालतोस? नवरा कुठलंही नाव घेवो, तिघंही एकदम श्वास आत ओढतात. एकमत होतं ते तेवढ्याच बाबतीत.

एक मात्र कबूल करते. एकदा एक खूप म्हातारे आजोबा काठी टेकत आले. साल विचारलं नाही, मालिका विचारली नाही. म्हणाले, "सुरू करून ठेव." नवऱ्याने केली. त्यांनी खिशातून पाच सेंटचं नाणं काढलं आणि चालू इंजिनाच्या डोक्यावर, कडेवर उभं केलं. हात थरथरत होता त्यांचा, त्यामुळे दोनदा पडलं. तिसऱ्यांदा राहिलं. आठ सिलिंडर एका रांगेत धडधडतायत आणि त्यांच्या डोक्यावर नाणं उभंच्या उभं. आजोबांनी ते परत खिशात टाकलं, "ठीक आहे" म्हणाले आणि निघून गेले. तो दिवस नवऱ्याने अजून उतरू दिलेला नाही.

आता मटाराचं सांगते. ऑगस्टमधली दुपार, इंडियन ग्रोसरीचं पार्किंग. सामान घेऊन आलो तर गाडी ढिम्म. उन्हात उभं राहून इंजिनाची धग वर चढली आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली. पंप द्रव ओढतो, वाफ नाही. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल, ते तर आणखीच लवकर उकळतं. हे सगळं मला तिथल्या तिथे समजलं, कारण बॉनेट उघडताक्षणी चौघंजण आले होते.

पहिला म्हणाला, पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लाव, आमचे वडील लावायचे. दुसरा म्हणाला, चिमट्यांनी काहीही होत नाही. चिमटे लावण्यात वेळ जातो, तेवढ्यात नळी गार होते, एवढंच. तिसरा म्हणाला, इलेक्ट्रिक पंप बसव. "पण तुझी गाडी सहा व्होल्टची, आणि अर्थिंग पॉझिटिव्ह. उलटा जोडलास तर संपलंच." चौथा म्हणाला, ओलं फडकं. फडकं कोणाकडे नव्हतं. ज्ञान उतू चाललं होतं आणि माझ्या पिशवीत श्रीखंडाचं ताक होत होतं.

मी गोठवलेल्या मटाराचं पाकीट काढलं, "तो पंप कुठला?" म्हणून विचारलं, आणि त्यावर ठेवलं. मटार चांगले बसतात, ज्या आकारावर ठेवाल तो आकार घेतात. चौघंही गप्प झाले. थोड्या वेळाने नवऱ्याने स्टार्टर दाबला. गाडी एकदा खोकली आणि लागली.

पुढचा अर्धा तास गाडी चालू ठेवून चर्चा. चिमटेवाल्याचं म्हणणं, मटार म्हणजे तत्त्वतः चिमटेच. दुसऱ्याचं म्हणणं, मटार नसते तरी एव्हाना लागलीच असती. फडकेवाल्याने पाकीट उचलून पाठीमागचं वजन वाचलं आणि कागदावर टिपून घेतलं. हे कोणाला सुचलं, असं मात्र एकानेही विचारलं नाही. त्यांनी नवऱ्याशी हात मिळवले.

तेव्हापासून आमच्या फ्रीजरमध्ये मटाराचं एक पाकीट वेगळं असतं. परवा पाहुणे आले, पुलावाला मटार कमी पडले, मी ते फोडलं. नवरा स्वयंपाकघरात आला, ओट्यावरचं रिकामं पाकीट बघितलं, आणि पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "अगं, ते स्पेअरचं होतं!"