गूळ न निघणारं गुऱ्हाळ

आज परत तेच. रविवारची सकाळ, रंकाळ्याकाठची टपरी, सात डोकी, चहाचे तीन राऊंड, आणि विषय काय तर आपल्या साइटवर किती लोक येतात ते मोजायला टूल कुठलं लावायचं! तीन महिने हे गुऱ्हाळ चालू आहे. खऱ्या गुऱ्हाळातून निदान गूळ तरी निघतो. इथं नुसती चिपाडं.

साइट म्हणजे तरी काय हो? लिनक्सवर मराठी कसं टाइप करायचं, फॉन्ट कसे बसवायचे, असली साधी चाळीसेक पानं. सर्व्हर एक जीबी रॅमचा, भाडं वर्गणीतून, आणि सांभाळणारा मी. हे शेवटचं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

एका गटाला गूगल ॲनालिटिक्स पाहिजे, कारण फुकट. अरे, तोंडानं ओपन सोर्सचा जप करायचा आणि दारात आलेल्याच्या पाठीवर पाळत ठेवायची? बरं, तत्त्वं ठेवा खुंटीला. आपल्याकडं येणारी जमात कसली? ब्राउझर टाकला की पहिलं जाहिराती अन् पाळत अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाकणारी. ते गूगलची मोजणीची स्क्रिप्ट दारातच अडवतं. म्हणजे आपलीच माणसं मोजणीतून गायब. आणि आधी तेच तर होतं की! १ जुलै २०२३ ला गूगलचं जुनं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स मोजायचं थांबलं, वर्षभरानं जुने आकडेही गेले. उतरवून घ्यायला मुदत होती. आमच्यातल्या एकानं घेतले नाहीत. तेव्हाही चर्चाच चालू होती.

दुसरा गट माटोमोचा. २०१८ पर्यंत त्याला पिविक म्हणायचे, हे ते दर बैठकीत नव्यानं सांगतात. टूल चांगलंय, नाही कोण म्हणतंय? पण पीएचपी, मायएसक्यूएल डेटाबेस, रिपोर्टसाठी ठरल्या वेळी चालणारा क्रॉन, वर अपडेटची राखण, हे करणार कोण? "तू हाईस की भावा!" कोल्हापुरात भावा म्हटलं की काम गळ्यात पडलंच.

मग प्लॉझिबलवाला. कुकी नाही, स्क्रिप्ट एवढीशी. मान्य. पण स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं तर पोस्टग्रेस आणि क्लिकहाउस असे दोन डेटाबेस लागतात. आमच्या एक जीबीवर म्हणजे शिंगरावर अंबारी. मी गोटकाउंटर सुचवलं, एकच फाइल, एसक्यूलाइट ह्या छोट्या डेटाबेसवर चालतं. तर एक जण खिदळला, "शेळ्या मोजायच्यात काय?" तिथनं गाडी जी तांबड्या रश्श्यावर गेली ती परत आलीच नाही.

काल रात्री डोकंच फिरलं. एनजिनएक्स ह्या आमच्या वेबसर्व्हरचे गेल्या चौदा दिवसांचे लॉग, म्हणजे कुणी कुठलं पान मागितलं त्याच्या नोंदी, गोॲक्सेस ह्या लॉग वाचून आकडे काढणाऱ्या टूलला दिले. वेबसर्व्हर ते आपसूक लिहीत असतोच, नवं काही लावायला लागत नाही. ४०४ ची, म्हणजे न सापडलेल्या पानांची, यादी उघडली तर वर डब्ल्यूपी-लॉगिनच्या, म्हणजे वर्डप्रेसच्या लॉगिन पानाच्या, मागण्यांची रांग. आमच्याकडं वर्डप्रेसच नाही! भिंतीला किल्ल्या लावत बसलेत बॉट. ते गाळले, सर्च इंजिनांचे क्रॉलर गाळले, आणि खाली आमचंच पान दिसलं: इनस्क्रिप्ट कीबोर्ड कसा सुरू करायचा. दिवाळीत कुणीतरी त्याचा पत्ता बदलला आणि जुन्यावर रीडायरेक्टच, म्हणजे आलेल्याला नव्या पत्त्यावर धाडणारी ओळच, टाकली नाही. लोक कुठल्यातरी जुन्या लिंकवरनं येतात, "पान सापडले नाही" वाचतात आणि जातात. रोज. आणि आम्ही इथं त्यांना मोजायचं कशानं म्हणून एकमेकांच्या उरावर बसतोय!

एका ओळीचं काम होतं, रात्रीच केलं. सकाळी टपरीवर सांगितलं. दोन सेकंद सगळे गप्प.

"ते ब्येस केलंस भावा. पण ह्यात ग्राफ रंगीत येतोय का?"

चहाचे पैसेही मीच दिले.