कमी बर्फ म्हणजे कमी धोका नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

बर्फात खड्डा खणून थर तपासण्याविषयी मी लिहिलं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. "ताई, कोल्हापुरात बसून हिमस्खलनावर कशाला लिहिता, पोरं उगाच घाबरतात. यंदा वर बर्फच कमी आहे, घसरणार काय? आणि तिथले गाईड जन्मापासून बर्फात वावरलेले, त्यांच्यापुढं खड्डे खणणं हा नुसता देखावा." तुम्ही स्वतः दर हिवाळ्यात इथून पोरांना हिमालयात नेता, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं.

पहिल्याचं थोडक्यात. पन्हाळा-पावनखिंड करून तयार झालेली आपली पोरं जानेवारीत थेट उत्तराखंड, हिमाचल गाठतात. चिखलात, कातळावर पाय कसा टाकायचा हे त्यांना कळतं. बर्फाचा उतार इथं कुणी दाखवू शकत नाही, म्हणून निदान लिहायला तरी हवं.

दुसरा मुद्दा ऐकायला पटतो आणि नेमका तिथंच घात होतो. सुरुवातीचा बर्फ दीड-दोन फुटांचाच असला, की जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास राहतं आणि निरभ्र रात्री वरचा पृष्ठभाग उणे पंधराच्याही खाली उतरतो. एवढ्याशा जाडीत एवढा फरक पडला की खालची वाफ वर सरकत राहते. बर्फाचे कण एकमेकांना धरायचे सोडून मोठे, कंगोरेदार आणि सुटे होत जातात. मीटरमागे साधारण १० अंशांहून जास्त फरक असला की ही क्रिया जोर धरते. बर्फ खोल असता तर तोच फरक मोठ्या जाडीत वाटला गेला असता. मग एखादा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी हवा, येतो, दोन-तीन फूट ताजा बर्फ टाकतो, वारा त्यातला बराचसा उचलून वाऱ्याआडच्या उतारावर नेऊन घालतो. वर घट्ट स्लॅब, म्हणजे एकसंध सुटू शकणारी बर्फाची लादी, खाली कच्चा थर. आणि हा कच्चा थर दोन दिवसांत बरा होत नाही, आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो. वरून सगळं पांढरंशुभ्र, स्वच्छ ऊन, फोटोला झकास.

खड्ड्यात मात्र दिसतं. फावड्यानं भिंत उभी, सपाट कापायची आणि वरून खाली हातानं दाबत जायचं. वरच्या थरात एक बोटसुद्धा जोर लावल्याशिवाय शिरत नाही आणि जमिनीपासून वीतभर वर अख्खी मूठ आत जाते. तिथले कण तळहातावर घेतले तर जाड्या साखरेसारखे घरंगळतात, कितीही दाबले तरी गोळा वळत नाही. मग ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर जाड खांब मोकळा करायचा, एका टोकावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा मारायच्या. कच्च्या थरात तडा कितव्या थापेला गेला यापेक्षा तो दुसऱ्या टोकापर्यंत धावला का, हे बघायचं. धावला तर त्या दिशेचे, तशा चढाचे उतार त्या दिवशी सोडायचे.

नाही धावला, म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही. वीस पावलांवर थर वेगळा असू शकतो. खड्डा "नको" म्हणू शकतो, "जा" म्हणायचा अधिकार त्याला नाही. तुम्ही देखावा म्हणता तो इथं खरा ठरतो: जायचं आधीच ठरवून, मनाच्या समाधानासाठी खणलेला खड्डा हा देखावाच.

गाईडांबद्दल मला आदर आहे. कुठल्या नाळेतून, म्हणजे उतारावरच्या घळीतून, पूर्वी बर्फ आला, हे तेच सांगू शकतात आणि ते विचारलंच पाहिजे. पण एखाद्या उतारावरून वीस वेळा सुखरूप गेलेल्या माणसाला तो उतार काहीच शिकवत नाही, कारण या आठवड्याचे थर त्यानंही पाहिलेले नसतात. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडच्या उत्तरकाशी भागातल्या द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर गिर्यारोहण प्रशिक्षणाची तुकडी हिमस्खलनात सापडली, २९ जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. उत्तरकाशीच्याच, आणि त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू सर केलेल्या. त्यांच्यापेक्षा जास्त अनुभव आपल्यापैकी कुणाकडं आहे?

सगळ्यात भरवशाचं काय म्हणाल, तर उताराचा कोन. स्लॅब बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतो आणि कोन फोनवरही मोजता येतो. मात्र आपण सपाटीवर आहोत म्हणून निर्धास्त राहू नका, डोक्यावर काय आहे ते बघा. २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडमधल्या माणा इथं रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या कॅम्पवर बर्फ आला, ८ जण दगावले. ती माणसं उतार चढत नव्हती.

गाडलेल्या माणसाच्या हातात पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही. उतार ओलांडायचाच असेल तर प्रत्येकाकडं ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं हवं आणि ते वापरायचा सराव हवा. निघण्याआधी डीजीआरई या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन पत्रकही बघा. त्यातल्या धोक्याच्या पाच पातळ्यांपैकी तिसरी आली की लोक "मधलंच आहे" म्हणून निघतात. स्वित्झर्लंडमध्ये सर्वाधिक बळी याच पातळीवर जातात.

तुमच्या जानेवारीच्या मार्गाचा नकाशा मला पाठवा. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर भेटू, समोच्च रेषांवरून ३० अंशांपुढचे सगळे पट्टे लाल करू आणि प्रत्येक पट्ट्याला वळसा आहे का ते शोधू. नसेल तिथं मागं फिरायची जागा आत्ताच ठरवू, म्हणजे वर पोरांसमोर ते ठरवायची वेळ तुमच्यावर येणार नाही.