वजाबाकी काळी आली म्हणजे जुळणी बरोबर?

रेडिओथेरपीच्या (कॅन्सरवरच्या किरणोपचाराच्या) ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘एआय आता जुना आणि नवा सीटी एका सेकंदात तंतोतंत जुळवतं. दोन्हींची वजाबाकी काळी आली की जुळणी अचूक. आखणी पुन्हा करायला नको, आधीचा डोस नव्या स्कॅनवर आपोआप मिळतो.’ (वजाबाकी म्हणजे दोन चित्रांतला फरक, काळी म्हणजे फरक शून्य; आखणी म्हणजे स्कॅनवर गाठ आणि अवयवांभोवती रेषा काढणं.) एका विद्यार्थ्याने तो मेसेज प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत जसाच्या तसा उतरवला. आता गप्प बसणं अवघड आहे.

एका सेकंदाचं खरं आहे, मान्य. शिकवून तयार केलेलं नेटवर्क जीपीयूवर (वेगवान ग्राफिक्स चिपवर) तेवढ्यात काम उरकतं. पण लवकर आलेलं उत्तर बरोबरच असतं असं कुठे आहे?

काळ्या वजाबाकीचा मुद्दा तर हास्यास्पद. डिफॉर्मेबल रजिस्ट्रेशनला, म्हणजे एक स्कॅन ताणून-दाबून दुसऱ्यावर बसवणाऱ्या सॉफ्टवेअरला, फरक कमी करायलाच सांगितलेलं असतं. फरक कमी झाला हाच पुरावा धरायचा, तर आपलाच पेपर आपणच तपासल्यासारखं झालं. संशोधक टॉर्स्टन रोल्फिंग यांनी 2012 मध्ये याची पार सालं काढली. त्यांनी मुद्दाम एक ‘पूर्णपणे निरुपयोगी’ प्रोग्रॅम बनवला: मेंदूच्या दोन एमआरआयमधले पिक्सेल उजळपणाच्या क्रमाने लावायचे आणि सारख्या क्रमांकाचे एकमेकांना जोडायचे. पुढचा पिक्सेल मागे गेला तरी त्याला सोयरसुतक नाही. तरीही चित्रांच्या साम्याचे आणि ऊतींच्या ओव्हरलॅपचे आकडे झकास आले! बिंग फुटलं ते फक्त लहान, ठरावीक जागच्या भागांचा ओव्हरलॅप पाहिल्यावर.

यकृत घ्या. कॉन्ट्रास्टशिवायच्या सीटीत ते आतून जवळपास एकसारखं राखाडी दिसतं. कडा जुळतात, पण आतला बिंदू कुठे गेला हे चित्र सांगत नाही, ते गुळगुळीतपणाची अट (शेजारचे बिंदू जवळपास सारखेच हलावेत ही) ठरवते. आत 1 सेंमीची चूक झाली तरी वजाबाकी काळीच.

तपासायचं तर श्वासनलिकेचे फाटे, रक्तवाहिन्यांचे फाटे, कॅल्शियमचे ठिपके दोन्ही स्कॅनवर हाताने खुणवा आणि अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. 2-3 मिमीच्या आत हवं. मग जेकोबियनचा नकाशा (प्रत्येक जागी आकारमान किती पट झालं हे दाखवणारा) उघडा. 1 म्हणजे आकारमान तेवढंच, शून्याखाली म्हणजे ऊतीला घडी पडली. मणक्यात 0.8 दिसलं तर सॉफ्टवेअरने हाड 20 टक्के दाबलंय! बी-स्प्लाइनची जाळी (जिचे बिंदू हलवून सॉफ्टवेअर चित्र वाकवतं) फार बारीक आणि गुळगुळीतपणाची अट सैल ठेवली की हे होतंच. आधी हाडांवर रिजिड जुळणी (न वाकवता, फक्त सरकवून-फिरवून), मग मोठी जाळी, मग बारीक.

आखणीबाबत अर्धं खरं: जुन्या रेषा नव्या स्कॅनवर नेल्या की वेळ वाचतो. पण गुदाशयात एकदा वायू आणि एकदा नाही, तर त्या वायूला जोडीदारच नसतो. रेषा बघून दुरुस्त कराव्याच लागतात.

खरा धोका डोसचा. फुप्फुसातली गाठ 4 सेंमीवरून 2 सेंमीवर आली, म्हणजे आकारमान एक अष्टमांश. ती फुग्यासारखी आकसली, की कडेने विरघळली आणि शेजारचं निरोगी फुप्फुस होतं तिथेच राहिलं? पहिल्यात शेजारची ऊती आत ओढली जाते, दुसऱ्यात नाही. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा पहिलंच धरतं आणि निरोगी ऊतीच्या नावावर भलताच डोस मांडतं. डोस सपाट, म्हणजे आसपास सारखाच, असेल तिथे 3 मिमी खपून जातात. मज्जारज्जूशेजारी तो उतारावर असतो, थोड्या अंतरात झपाट्याने बदलतो, तिथे तेवढ्यात मर्यादा ओलांडली जाते. म्हणून पुन्हा रेडिएशन द्यायचं असेल, तर जुन्या-नव्या डोसच्या बेरजेच्या आकड्याशेजारी मज्जारज्जूजवळची जुळणीची चूक मिलिमीटरमध्ये मागा.