मग टेबल वाजवलं तरी चालेल की!

बारावीची परीक्षा जवळ आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. भुवईचं टोक, डोळ्याची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळ्याचं हाड, काख आणि टाळू, इथे पाच मिनिटं बोटांनी टकटक करा. ही ‘प्राचीन’ पद्धत. ऊर्जावाहिन्या मोकळ्या होतात, कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन ४३ टक्क्यांनी उतरतं, पेपर असो की मुलाखत, कामगिरी सुधारते आणि भीती मुळापासून जाते. खाली ‘विज्ञानाने सिद्ध’ आणि जोडलेले हात.

टकटक करून बरं वाटत नाही, असं माझं म्हणणं नाही. वाटतं. भांडण पुढच्या दाव्यांशी आहे.

‘प्राचीन’चं आधी उरकू. रॉजर कॅलहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या आसपास हे सुरू केलं. त्यांच्याकडे वेगवेगळ्या त्रासाला बिंदूंचा वेगळा क्रम असे. १९९०च्या दशकात गॅरी क्रेग या इंजिनिअरिंग शिकलेल्या गृहस्थांनी सगळ्या त्रासांना एकच क्रम लावला आणि त्याला ‘इमोशनल फ्रीडम टेक्निक्स’, थोडक्यात ईएफटी म्हटलं. क्रम बदलूनही गुण येतोच म्हटल्यावर शंका यायला हवी होती.

ती २००३ साली वेट आणि होल्डर या दोन संशोधकांनी तपासली. ११९ विद्यार्थ्यांचे चार गट. एकाने ठरलेल्या बिंदूंवर टकटक केली, दुसऱ्याने हातावर भलतीकडेच, तिसऱ्याने चक्क बाहुलीवर. चौथा गट खेळणं बनवत बसला. पहिल्या तिन्ही गटांची भीती कमी झाली आणि ‘खऱ्या’ बिंदूंचा गट त्यात काही सरस ठरला नाही. यावर समर्थकांचं उत्तर असं की बोटांच्या टोकांवरही बिंदू असतातच, म्हणून बाहुलीही चालली. मग टेबल वाजवलं तरी चालेल की! भुवई-हनुवटीचा नकाशा कशाला?

आता ते ४३ टक्के. आकडा खोटा नाही. २०२०च्या एका प्रयोगातला आहे, माणसं होती ५३. त्याआधी २०१२ मध्ये ८३ जणांवर असाच प्रयोग झाला, त्यात घट साधारण २४ टक्के होती. आणि काहीच उपचार न घेतलेल्यांचं कॉर्टिसॉलही १४ टक्क्यांनी उतरलं होतं. त्या प्रयोगाचे मुख्य लेखक डॉसन चर्च स्वतः ईएफटीचं प्रशिक्षण देतात, हेही लक्षात असू द्या. शिवाय तिथली सत्रं तासाभराची होती. वर्गाबाहेर घाईघाईत केलेल्या पाच मिनिटांना तो आकडा कसा चिकटवायचा?

माझा खरा आक्षेप पुढे आहे. हार्मोन उतरलं म्हणजे पेपर चांगला जातो, हे कुणी सांगितलं? या दोन प्रयोगांत कुणी गायलं नाही, भाषण केलं नाही, गणित सोडवलं नाही. संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये लोकांना खरंच गायला, बोलायला आणि गणितं करायला लावलं. भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणणारे चांगलं बोलले. गाण्याच्या प्रयोगात तर छातीची धडधड कमी न होताही हुरूपवाल्यांचं गाणं सरस झालं. धडधड बंद करणं हेच ध्येय धरलं, की मुलगा मुलाखतीच्या खोलीबाहेर प्रश्नांऐवजी स्वतःची नाडी मोजत बसतो.

राहिलं ‘मुळापासून’. ईएफटीत टकटक करण्याआधी ‘मला भीती वाटतेय, तरी मी स्वतःला पूर्णपणे स्वीकारतो’ अशा अर्थाचं वाक्य म्हणतात, भीतीला शून्य ते दहा गुण देतात आणि तीच भीती मनात धरून ठेवतात. भीतीचं नाव घेणं, ती मोजणं, तिच्याकडे पाठ न फिरवणं हे वर्तनोपचारात आधीपासून आहे. गुण येत असेल तर तो बहुधा इथून येतो. आणि फॉरवर्डमध्ये नेमकं तेच वाक्य गळलेलं असतं, उरतात फक्त बिंदू.

विंगेत बसलेला तबलजीही मांडीवर बोटं वाजवत असतो. तो तिथे बोल घोकत असतो.