व्हेटोसकट हवी, नाहीतर नको?

सप्टेंबर आला, न्यूयॉर्कला यूएनच्या (संयुक्त राष्ट्रांच्या) आमसभेची भाषणं सुरू झाली की आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड उगवतो. नेहरूंनी हातात आलेली सुरक्षा परिषदेची सीट चीनला देऊन टाकली. मग मामेभाऊ लिहितो की झालं ते झालं, आता घ्यायची तर व्हेटोसकट, म्हणजे कुठलाही ठराव एकट्याने अडवायच्या अधिकारासकट, नाहीतर नको ती भीक. सांगलीचे काका त्यावर अंगठे आणि झेंडा टाकतात, विषय संपतो. मी एकदा उत्तर दिलं तर "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस" असं ऐकून घ्यावं लागलं, म्हणून हे इथे लिहितोय.

आधी नेहरूंचं उरकून टाकू. चीनची सीट १९४५ पासून चीनचीच होती, म्हणजे तेव्हा च्यांग कै-शेकच्या (पुढे तैवानला गेलेल्या) सरकारची, आणि बीजिंगला ती मिळाली १९७१ साली, नेहरू जाऊन सात वर्षं झाल्यावर. १९५० मध्ये अमेरिकन लोकांनी तिथल्या आपल्या राजदूत विजयालक्ष्मी पंडितांकडे (नेहरूंच्या बहीण, सासर मराठी, रणजित पंडितांच्या पत्नी, पण फॉरवर्डवाल्यांना ते माहीत नसतं) चाचपणी केली होती हे खरं, १९५५ मध्ये सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिननेही विषय काढला होता हेही खरं, आणि नेहरूंनी दोन्ही वेळा चीनला डावलून नको म्हटलं. पुढे त्याच वर्षी लोकसभेत रीतसर किंवा अनौपचारिक कुठलीच ऑफर आली नव्हती असं सांगूनही टाकलं. आता त्यांनी जरा ताणून बघायला हवं होतं का, यावर वाद घाला ना, मीही घालीन. पण यूएनची सनद बदलल्याशिवाय सीट देणं तेव्हाही कुणाच्या हातात नव्हतं, आणि अमेरिका आणि रशिया दोघं एकाच वेळी हो म्हणतील अशी ती वर्षं होती का?

मला राग येतो तो दुसऱ्या वाक्याचा. व्हेटोसकट, नाहीतर नको. कारण नेमक्या याच हट्टाने २००५ मध्ये सगळं फिसकटलं होतं. भारत, जर्मनी, जपान, ब्राझील या चौघांनी मिळून ठराव आणला, परिषद १५ वरून २५ ची करायची, सहा नवे कायम सदस्य, आणि व्हेटो १५ वर्षं वापरायचा नाही, मग बघू. आफ्रिकन युनियनने सांगितलं आम्हाला व्हेटोसकटच पाहिजे, त्यांची मतं मिळाली नाहीत, ठराव मतदानालाही गेला नाही. तिकडे नवे कायम सदस्य नकोतच म्हणणारी इटली, पाकिस्तान वगैरे मंडळी, ज्यांना कॉफी क्लब म्हणतात, ती तर आधीपासून टपलेलीच होती. सनद बदलायला कलम १०८ प्रमाणे १९३ पैकी १२९ देश हवेत आणि वर पाचही कायम सदस्यांनी मान्यता द्यायला हवी, त्यात चीन आला. हे ग्रुपवर लिहिलं की उत्तर येतं, "म्हणूनच आपण कणखर पाहिजे." कणखर म्हणजे नक्की काय करायचं, चीनला कुठे नेऊन बसवायचं?

एकदाच ही परिषद वाढली, ११ ची १५. ठराव १९६३ चा, अंमल १९६५ पासून. तेव्हा फ्रान्स आणि सोव्हिएत युनियनने विरोधात मत दिलं होतं, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले होते, तरी दोन वर्षांत चौघांनीही मुकाट्याने मान्यता दिली, कारण नव्याने स्वतंत्र झालेल्या आशिया-आफ्रिकेच्या देशांना नाराज करणं परवडत नव्हतं. आणि तेव्हा वाढल्या त्या फक्त दोन-दोन वर्षांच्या सीटा होत्या, व्हेटोचं कुणी नावही काढलं नव्हतं.

मी बॉनमध्ये असतो, पश्चिम जर्मनीच्या जुन्या राजधानीत. ६६ नंबरच्या ट्राममधून ऑफिसला जाताना लांगर ऑयगन ही उंच इमारत दिसते, वर निळा यूएनचा लोगो, आधी तिथे खासदारांची ऑफिसं होती. १९९१ मध्ये ३३८ विरुद्ध ३२० मतांनी संसद आणि सरकार बर्लिनला न्यायचं ठरलं, गावाने थोडी रडारड केली, मग यूएनची ऑफिसं आणली, आणि आता कुणी "आमची राजधानी अमक्याने घालवली" म्हणून फॉरवर्ड पाठवत नाही. (निदान मला तरी नाही येत. जर्मन म्हाताऱ्यांचे ग्रुप मी बघितलेले नाहीत.)

जर्मनीसुद्धा याच रांगेत उभा आहे, पण ऑफिसच्या कँटीनमध्ये त्यावर कुणी बोलत नाही, तिथे बोलणं डॉइचं बाननं, म्हणजे इथल्या रेल्वेनं, सुरू होतं आणि डॉइचं बानवरच संपतं. यूएनच्या मूळ बजेटचे जवळपास सहा टक्के हे लोक भरतात, आपण एकाच्या आसपास, आणि सनदेत अजून "शत्रू राष्ट्र" हे शब्द आहेत, ते ज्यांना उद्देशून लिहिले त्यात हेही आले. २०१८ मध्ये शोल्त्झ अर्थमंत्री असताना म्हणाले की फ्रान्सने आपली सीट युरोपियन युनियनला द्यावी. फ्रान्सने अर्थातच नाही म्हटलं. दुसऱ्याची सीट वाटून टाकायची ही आयडिया मात्र अगदी आमच्या काकांसारखी वाटली.

एक गोष्ट इथली मला आवडते. २०११ मध्ये लिबियात लष्करी कारवाईला परवानगी देणाऱ्या ठरावावर पाच देश तटस्थ राहिले, रशिया, चीन, आणि त्यांच्याबरोबर भारत, जर्मनी, ब्राझील. म्हणजे कायम सीट मागणाऱ्या चौघांपैकी तिघे. इथे त्यावर भरपूर टीका झाली, माझा एक सहकारी अजूनही मित्रांची साथ सोडली म्हणून करवादतो. आपल्याकडे ते मत बरोबर होतं की चूक यावर कुणाला भांडताना ऐकलंय? २०२२ मध्ये युक्रेनच्या वेळी आपण परिषदेत होतो, तेव्हाही तटस्थ. मला ते त्यावेळी पटलं होतं, अजून बरंचसं पटतं, पण सीट मिळाल्यावर आपण तिथे नेमकं काय करणार हे कुणी विचारत नाही, सगळा जोर मानपानावर.

आता हे सगळं मी घरच्यांना सुनावतो, पण त्याच सहकाऱ्याने एकदा शांतपणे विचारलं की भारताला ही सीट कशाला हवी, आधी घरचे प्रश्न बघा ना, तेव्हा माझं डोकं फिरलं. १४० कोटी लोक, शांतिसेनेत आजवर दोन लाखांहून जास्त जवान, २००७ ला लायबेरियात फक्त महिलांची पहिली पोलीस तुकडी आपली, आणि युरोपच्या दोन सीटा आधीच आहेत तरी तुम्हाला तिसरी कशाला, असं काय काय बोललो. आवाज चढला होता. मामेभाऊ तिथे असता तर त्याने झेंडा टाकला असता.

आणि मला वाटतं व्हेटोशिवायच्या कायम सीटबद्दल मी इतका समजूतदार आहे कारण माझी स्वतःची अवस्था तीच आहे. निडरलासुंग्सएरलाउबनिस, कायम राहायची परमिट, खिशात आहे, म्हणजे राहा हवं तितकं, कर भरा, रेंटे (पेन्शनचा हप्ता) भरा, पण मत नाही. गेल्या कोमुनालवालला, म्हणजे पालिकेच्या निवडणुकीला, आमच्या जिन्यातल्या सगळ्या पेट्यांत मतदानाचं पत्र आलं, वरच्या पोलिश शेजाऱ्यालाही (तो युरोपियन युनियनचा नागरिक), माझ्या पेटीत फक्त रेवे सुपरमार्केटची जाहिरात. भारतात मत आहे, पण प्रत्यक्ष जाऊन द्यावं लागतं, आणि निवडणूक काही दिवाळीच्या सुट्टीत येत नाही. म्हणजे दोन्हीकडे चर्चेत पूर्ण भाग घ्यायचा आणि मतदानाला बाहेर थांबायचं. तरी मी कधी म्हणालो नाही की मताशिवाय ही परमिट नको, परत घ्या. घेतली, गप्प बसलो, काम करत राहिलो, आणि त्याचा थोडा सल आहेच.

२०२४ पासून जर्मनी जुना पासपोर्ट ठेवू देतो, भारत ठेवू देत नाही. बायको म्हणते अर्ज कर. अजून केलेला नाही. केला तरी मी रांगेतल्या एका देशातून त्याच रांगेतल्या दुसऱ्या देशात जाणार, कलम १०८ दोघांनाही सारखंच लागू. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या ओसीआय कार्डाची फी मात्र भरावी लागेल.